आत्याची कवळी आणि गोळ्यांचा डबा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझी आत्या वाईला राहायची. १९९६ साली ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या उशाशी तीन वस्तू कायम असत. पाण्याने भरलेला तांब्या, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या गोळ्या आणि खडीसाखरेची डबी. तांब्या रात्रीतून रिकामा व्हायचा. खडीसाखरेचा खडा दिवसभर गालात असायचा. कवळी मात्र तोंडात कमी आणि वाटीतल्या पाण्यात जास्त. भाकरी तिने केव्हाच सोडली होती. दूधभात आणि वरणभात यांवर दिवस काढत होती. ‘मेल्यानं माप चुकवलं,’ असे ती कवळी करून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी दिवाळीला गेलो की ही तक्रार ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, ‘आत्या, वय झालं. चालायचंच.’

हे वाक्य बोलणारा मी त्या वेळी एका वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होतो. कुठले औषध शरीरात कुठे जाते, काय करते, काय बिघडवते, हे वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. पण आत्याचा तो डबा मी कधी उघडला नाही आणि तिला ‘आ कर बघू’ असेही कधी म्हणालो नाही.

त्या चुकीकडे येईनच. पण त्याआधी थोडे मागे जायला हवे. कारण औषध आणि तोंड यांचे नाते फार जुने आहे, आणि गंमत अशी की एके काळी डॉक्टर मंडळी रोग्याच्या तोंडात आमच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा डोकावत असत.

तो काळ पाऱ्याचा. युरोपात सोळाव्या शतकापासून उपदंशावर पारा देत. पुढे कॅलोमेल, म्हणजे आपल्या रसकापुराचा जवळचा नातलग, हे जवळजवळ सर्वच रोगांवरचे औषध होऊन बसले. पारा अंगात पुरेसा गेला की नाही, हे ओळखण्याची खूण एकच होती. रोग्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागल्या पाहिजेत. हिरड्या सुजत, तोंडाला घाण येई, दात हलू लागत. डॉक्टर रोज तोंड उघडायला लावत आणि लाळ सुटलेली दिसली की समाधानाने मान हलवत. आपण ज्याला ‘तोंड येणे’ म्हणतो, ते त्या काळी उपचार लागू पडल्याचे प्रशस्तिपत्र होते!

१७९३ साली फिलाडेल्फिया शहरात पीतज्वराची मोठी साथ आली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, डॉ. बेंजामिन रश, तेव्हा तिथे काम करीत होते. शहर सोडून न पळता त्यांनी साथ भरात असताना रोज शंभरावर रोगी तपासले, म्हणून त्यांच्या धैर्याबद्दल शंका नको. पण त्यांचा उपाय काय? दहा ग्रेन कॅलोमेल आणि दहा ग्रेन जलाप नावाच्या रेचक मुळीची पूड, वर भरपूर रक्त काढणे. दहा ग्रेन म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे साडेसहाशे मिलिग्रॅम. विल्यम कॉबेट नावाच्या पत्रकाराने त्यांच्यावर इतकी जहरी टीका केली की रश यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. १४ डिसेंबर १७९९ रोजी निकाल रश यांच्या बाजूने लागला. नेमक्या त्याच दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन वारले. घसा सुजून श्वास कोंडला होता. डॉक्टरांनी त्यांचे भरपूर रक्त काढले आणि कॅलोमेलही दिले.

वॉशिंग्टन यांच्या तोंडाची कथा तर प्रसिद्धच आहे. १७८९ साली त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. कवळी लाकडाची होती ही आख्यायिका. खरी कवळी पाणघोड्याच्या दाताची, धातूची आणि माणसांच्या दातांची होती. (१७८४ च्या हिशेबात त्यांनी गुलामांकडून नऊ दात विकत घेतल्याची नोंद आहे. ते दात कोणाच्या तोंडात गेले हे नोंद सांगत नाही.) इतके दात का गेले? वारंवार घेतलेल्या कॅलोमेलकडेही काही अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. ते सिद्ध होणे अवघड, पण कॅलोमेलने त्या काळी असंख्य लोकांचे दात नेले यात वाद नाही. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड यांनी सैन्याच्या औषधांच्या यादीतून कॅलोमेल काढून टाकले. डॉक्टरच खवळले. पुढच्या वर्षी वेगळ्याच आरोपांवरून हॅमंड यांची नोकरी गेली.

आपल्याकडे मात्र एक वेगळी नोंद सापडते. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंग रोगावर, म्हणजे उपदंशावर, रसकापूर सांगितला आहे. पण तो द्यायचा कसा? कणकेच्या गोळीत बंद करून, दातांना जराही स्पर्श न होऊ देता, पाण्याबरोबर गिळायचा. का, तर तोंडाला सूज येऊ नये म्हणून. युरोपात ज्या गोष्टीला औषध लागू पडल्याची खूण मानत, तीच गोष्ट इथे टाळायची म्हणून सांगितली आहे. त्यांचे कारण पुरते बरोबर नव्हते. पारा दाताला लागून नव्हे, तर रक्तातून लाळेत उतरून तोंड बिघडवतो. पण औषध देणाऱ्याने तोंडाची काळजी वाहायची असते, एवढे त्यांना नक्की कळले होते.

पाऱ्याने लाळ सुटते. याच्या अगदी उलटे काम करणारी वनस्पती आपल्या परसात उगवते, धोत्रा. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना अन्नातून धोत्रा घालून लुबाडण्याचे प्रकार हिंदुस्थानात इतके होते, की नॉर्मन चेव्हर्स यांनी १८५६ साली बंगालसाठी लिहिलेल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात त्यावर तपशिलाने लिहिले. १९२० साली निघालेले जयसिंग मोदी यांचे न्यायवैद्यक तर आमच्या पिढीपर्यंत सर्वांनी वाचलेले. धोत्रा घातलेल्या माणसाची खूण कोणती? तोंड आणि घसा कोरडा ठणठणीत, घास उतरत नाही, आवाज घोगरा, बाहुल्या मोठ्या, पुढे भ्रम.

हाच धोत्रा औषध म्हणूनही गेला. मद्रासला कंपनी सरकारचे डॉ. जेम्स अँडरसन दमेकऱ्यांना धोत्र्याचा धूर घ्यायला सांगत. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट यांनी तो उपाय विलायतेला नेला आणि पुढे शंभर-दीडशे वर्षे दम्याच्या सिगारेटी तिकडे दुकानात मिळत राहिल्या. धोत्र्याच्या भावकीतल्या बेलाडोनातून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत ॲट्रोपीन वेगळे काढले गेले. ते लाळ का आटवते, याचा उलगडा व्हायला मात्र विसावे शतक उजाडले. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवले की मज्जातंतू आपला निरोप एका रसायनाच्या हाती पाठवतात. तेच ॲसिटिलकोलीन. लाळेच्या ग्रंथींना ‘लाळ सोडा’ हा हुकूम याच रसायनाने पोचतो. ॲट्रोपीन काय करते, तर कुलपात आधीच दुसरी किल्ली अडकवून ठेवते. हुकूम दारापर्यंत येतो, पण दार उघडत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी औषधे घरोघरी गेली, त्यांतल्या पुष्कळांच्या अंगी हा धोत्र्याचा गुण कमी-अधिक प्रमाणात आहे. सर्दी-खाज यांवरच्या जुन्या गोळ्या, १९६१ पासून वापरात असलेले ॲमिट्रिप्टिलीन, कंपवाताची काही औषधे, लघवीची घाई थांबवणाऱ्या गोळ्या. धोत्र्याशी संबंध नसलेली काही औषधेही वेगळ्या वाटेने तोंड कोरडे करतात. रक्तदाबावरच्या क्लोनिडिनची जन्मकथा याच जातीची आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत एका औषध कंपनीने ते चोंदलेल्या नाकासाठी तयार केले होते. तिथल्या एका डॉक्टरांच्या सेक्रेटरीबाईंना सर्दी झाली होती, म्हणून त्यांच्या नाकात थेंब घातले. बाई गाढ झोपल्या. रक्तदाब खाली, नाडी मंद, तोंड कोरडे! नाकाचे औषध १९६६ साली रक्तदाबाचे औषध म्हणून बाजारात आले. कोरडे तोंड सोबत आलेच.

आत्याच्या डब्यात काय होते, हे आता सांगतो. रक्तदाबासाठी क्लोनिडिन. पायांच्या जळजळीसाठी आणि झोपेसाठी रात्री ॲमिट्रिप्टिलीन. आणि नाक वाहते म्हणून दुकानातून स्वतःच आणलेली, सर्दीची पिवळी गोळी, रोज एक. तिन्ही गोळ्या तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणाहून आलेल्या. त्यांची एकमेकींशी ओळख फक्त त्या पत्र्याच्या डब्यात झालेली.

हे कळले कसे? दिवाळीनंतर आत्या गावात नव्याने दवाखाना घातलेल्या एका तरुण दंतवैद्य मुलीकडे गेली, कवळीची नवी मापे द्यायला. त्या मुलीने मापे घेतलीच नाहीत. तिने आत्याच्या गालाला आतून आरसा लावला तर तो चिकटून बसला. ‘आजी, गोळ्या कुठल्या घेता?’ तिने विचारले, आणि माझे नाव कळल्यावर आत्याच्या हाती चिठ्ठी दिली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. तोंडात लाळ जवळजवळ नाही. सर, यांच्या गोळ्या एकदा पाहाल का?

ती चिठ्ठी वाचून मला काय वाटले असेल ते तुम्ही समजू शकता.

लाळ म्हणजे थुंकून टाकायची वस्तू, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या तोंडात रोज अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती अन्नातले आम्ल निववते, दातांना कॅल्शियम परत पुरवते, जंतूंना आणि बुरशीला आवरते. वरची कवळी टाळूला चिकटून राहते तीही लाळेच्या पातळ थरामुळेच. काच ओल्या ओट्यावर जशी घट्ट बसते तशी. लाळ आटली की हिरडीलगतची, दाताच्या मानेची जागा किडू लागते. आत्याचे उरलेसुरले दात गोळ्या सुरू झाल्यावर तीन वर्षांत असेच एकामागून एक गेले होते. तोंड कोरडे म्हणून ती खडीसाखर चघळायची, आणि लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे किडीला आमंत्रणच. दात गेले म्हणून कवळी आली. लाळ नाही म्हणून ती बसेना, टोचू लागली. आणि दोष मात्र माप घेणाऱ्याच्या माथी.

‘वय झालं, चालायचंच,’ हे मी एकटाच म्हणत होतो असे नाही. म्हातारपणी लाळ आटते, हे पुस्तकांतूनही गृहीत धरलेले असे. १९८१ साली अमेरिकेत ब्रूस बाऊम या संशोधकांनी हे तपासून पाहिले. बॉल्टिमोरमध्ये वार्धक्याचा एक दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्यातल्या निरनिराळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांच्या, कानाखालच्या मोठ्या ग्रंथीतून येणारी लाळ त्यांनी मोजली. निरोगी म्हाताऱ्यांची लाळ तरुणांपेक्षा कमी भरली नाही. इतर काही ग्रंथींची लाळ वयाप्रमाणे थोडी घटते, असे पुढे दिसले; पण तोंड ठणठणीत कोरडे पडण्याचा मोठा गुन्हेगार वय नव्हे, तर वयाबरोबर वाढत जाणाऱ्या गोळ्या, हे स्पष्ट होत गेले. १९८६ साली लिओ स्रेबनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने तोंड कोरडे करणाऱ्या औषधांची सूचीच छापली. शेकडो औषधे! म्हणजे आत्याच्या त्या दिवाळीच्या दहा वर्षे आधी हे सगळे छापून झाले होते. मी वाचले नव्हते.

यापुढचा भाग सांगायला मला अजून जड जाते. मी आत्याला फोनवर सांगितले, ‘तुझं तोंड वयानं नाही, गोळ्यांनी कोरडं पडतं. मी पुढच्या आठवड्यात येतो, मग बघू.’ अर्धेच सांगितले. आत्या हुशार. तिने त्याच रात्री डबा बंद करून फडताळात ठेवला. क्लोनिडिन असे एकाएकी सोडले की दबून राहिलेला रक्तदाब उसळी मारून पूर्वीपेक्षाही वर जातो. हे मी दर वर्षी परीक्षेत विचारत असे. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला. आत्या दोन रात्री रुग्णालयात होती. वाचली.

म्हणून हे ऐकून कोणी आपल्या डब्यावर हात टाकू नये. पुढे तिच्या डॉक्टरांनी काय केले ते पाहा. सर्दीची गोळी बंद केली. तिची गरजच नव्हती. रात्रीची गोळी हळूहळू उतरवली. क्लोनिडिनही उतरवत नेले आणि त्याच्या जागी ॲम्लोडिपिन आणले.

या ॲम्लोडिपिनच्या घराण्याचीही तोंडाशी एक जुनी तक्रार आहे. फेफऱ्यावरचे फेनिटॉइन १९३८ साली आले आणि पुढच्याच वर्षी, ते घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, अशी नोंद झाली. मग १९८४ साली रक्तदाब आणि हृदयविकारांवरच्या निफेडिपिननेही तसेच होते असे दिसले, आणि ॲम्लोडिपिन त्याचेच भावंड. सगळ्यांना होत नाही, आणि दात स्वच्छ असतील तर पुष्कळ कमी होते. हिरड्या वाढतात त्या दातांच्या भोवती. आत्याला दातच उरले नव्हते, म्हणून त्या त्रासातून ती सुटली.

हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या ओळखीच्या स्त्रियाही मला हल्ली विचारतात, ‘दात काढला तर जबडा सडतो म्हणे?’ या प्रश्नामागेही इतिहास आहे आणि तो आगपेटीपासून सुरू होतो. १८४५ साली व्हिएन्नामध्ये लोरिन्सर नावाच्या डॉक्टरांनी, पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या करणाऱ्या कामगारांचे जबडे कुजतात, हे वैद्यकजगतापुढे मांडले. हे चाळीस वर्षांनंतरही चालूच होते. १८८८ साली लंडनमध्ये ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे चौदाशे मुली आणि बायका संपावर गेल्या. त्यांची हलाखी आधी छापून आणणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट, पुढे आपल्याकडे होमरूल चळवळ उभी करणाऱ्या. पांढऱ्या फॉस्फरसवर १९०६ साली बर्नला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि हिंदुस्थानातही १९१३ साली बंदीचा कायदा आला. तो रोग पुस्तकात गेला. आणि २००३ साली अमेरिकेत मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी तसेच उघडे पडलेले, न भरणारे जबड्याचे हाड असलेले ३६ रुग्ण नोंदवले. सगळे बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे शिरेतून घेणारे. कर्करोगात शिरेतून मोठ्या मात्रेत दिल्यावर हा धोका जास्त असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या गोळीने तो क्वचितच होतो, आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. म्हणून मी त्यांना एवढेच सांगतो, गोळी चालू ठेवा. पण ती सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, आणि दात काढायच्या आधी त्या डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा.

सांगायला लागते, कारण विचारत कोणी नाही. १८४० साली अमेरिकेत बॉल्टिमोरला जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय निघाले, ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळे. आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला सुरू केले, तेही स्वतंत्र. त्यामुळे दंतविद्येची भरभराट झाली हे खरे; पण आमच्याकडे दातांचा विषय ‘त्यांचा’ झाला आणि त्यांच्याकडे गोळ्यांचा विषय ‘यांचा’. पाऱ्याच्या काळातला डॉक्टर, चुकीच्या कारणासाठी का होईना, रोज तोंड पाहत होता. मी आता सत्तरी ओलांडली आहे, चार गोळ्या घेतो. दर तीन महिन्यांनी माझा रक्तदाब मोजतात, साखर मोजतात. आ करायला अजून कोणी सांगितलेले नाही.

आत्याच्या तोंडाला पाणी सुटायला दोन-अडीच महिने लागले. नवी कवळी करावीच लागली नाही. जुनीच, थोडी घासून, बसली. पुढच्या वर्षीच्या भोगीला मी वाईला होतो. तिने स्वतः तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, लोण्याबरोबर एक सबंध खाल्ली, आणि दोन फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. कवळी करून देणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांकडे पोचवायला.

‘माप बरोबर होतं म्हणावं,’ ती म्हणाली. ‘आणि तू नेऊन दे हो, मला तोंड दाखवायला लाज वाटते.’